दुसरा सिनेमा आणि वन्संचा लचकलेला पाय

वन्सं, आठ-दहा दिवसांपूर्वी एका दुपारी मी तुमचा तो दुसरा सिनेमा पुन्हा बघितला.

पंचवीस वर्षं तुम्ही मागे लागला होतात, एकदा परत बघ म्हणून, आणि पंचवीस वर्षं मी टाळत आले. बघितलेला सिनेमा पुन्हा कशाला बघायचा, हे माझं ठरलेलं उत्तर. शेवटी तुम्ही गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी बघितला. हे दुकानात गेले होते, स्नेहा तिच्या ऑफिसच्या कामात होती. मी बाहेरच्या खोलीत एकटीच बसले. मध्यंतरानंतर जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, मी टीव्ही थांबवला, आत जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. तीनदा लावला. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. आता हे कोणाला सांगू?

सिनेमांची नावं आपण कधी घेतलीच नाहीत. आपल्यात नुसतं पहिला आणि दुसरा. पहिला बघितला तेव्हा मला दासगावच्या बाजूच्या शाळेत लागून वर्षही झालं नव्हतं. तुम्ही रविवारी सकाळच्या एसटीने पोलादपूरहून आलात आणि आईंना म्हणालात, मी शैलाला घेऊन सिनेमाला जाते. आईंनी काही बोलायच्या आत तुमच्या पायांत चपला होत्या. सासूबाईंपुढे एवढं धाडस त्या घरात फक्त तुम्हीच करू जाणे. तीनचा खेळ, मागून दुसरी रांग, तुमच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा.

काय रंगला होता तो सिनेमा. एका गावातला पोस्टमन. ऐन हळदीच्या दिवशी लग्नघरातून नवरदेवच नाहीसा होतो आणि पाकिटावरच्या एका पुसट शिक्क्यावरून हा पोस्टमन त्याचा माग काढतो. शेवटी भर मांडवात तो एकेकासमोर जाऊन उभा राहतो. आचारी, बँडवाला, भटजी, नवऱ्याचा मामा. दर वेळी वाटतं हाच तो, आणि दर वेळी पोस्टमन पुढे सरकतो. मग वळून पुन्हा मामाकडे येतो. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. मी तर खुर्चीतून उठलेच होते. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, की छान होता, पण त्या मामाची सगळ्या गावासमोर शोभा करायची काही गरज नव्हती. मला हसू आलं. मी म्हटलं, वन्सं, गुन्हेगार आहे तो. तुम्ही शेंगांची टरफलं पिशवीत नीट भरलीत.

पाच वर्षांनी दुसरा आला. तोच पोस्टमन, जरा जाडावलेला, कानशिलांवर केस पिकलेला. स्नेहा तीन वर्षांची होती, तिला आईंपाशी ठेवून आपण गेलो. या वेळी गावचं नाटक असतं, जत्रेतलं. चार दिवसांवर प्रयोग आलेला आणि नाटकाची वही गायब होते. एकुलती एक वही, हाताने लिहिलेली. विंगेत बसून ती वाचणारा म्हातारा प्रॉम्प्टर चाळीस वर्षं हे काम करतोय, तो रडकुंडीला येतो आणि सगळे पोस्टमनकडे धावतात.

मध्यंतराला तुम्ही मला बटाटेवडे आणायला पाठवलंत. तिथे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील भेटले. मुलगा घरी अभ्यासच करत नाही, तुम्हीच काहीतरी सांगा, असं त्यांचं सुरू झालं. शिक्षिकेला हात सोडवून पळता येत नाही. मी वडे घेऊन आत आले तोवर सिनेमा बराच पुढे गेला होता. अंधारात चाचपडत बसले तर तुम्ही पदराने डोळे पुसत होतात. हसून हसून पाणी आलं असेल, असं मी धरून चालले. काय झालं विचारलं, तर तुम्ही वडा हातात घेतलात आणि म्हणालात, काही नाही, बघ पुढे.

पुढे जे काही बघितलं ते मला अजिबात आवडलं नाही. पहिल्यातला तो चलाख माणूस दुसऱ्यात निव्वळ बावळट झाला होता. भलत्याच माणसाचा पाठलाग करतो, शेणखताच्या ढिगात पडतो, शाळेच्या घंटेला वही बांधली असेल म्हणून शिडी लावून चढतो आणि वर अडकून बसतो. शेवटी वही सापडते कुठे, तर त्याच्याच टपालाच्या पिशवीत. मीच विसरलो होतो, असं तो सगळ्यांसमोर सांगतो. गाव त्याला खो खो हसतं आणि शिक्षा म्हणून त्यालाच प्रॉम्प्टरच्या जागी विंगेत बसवतं. चाळीस वर्षं पडद्याआड बसलेला म्हातारा पहिल्यांदाच समोरच्या रांगेत बसून आपलं नाटक बघतो. संपला सिनेमा. मी थिएटरच्या पायऱ्यांवरच भांडायला सुरुवात केली. ज्याने शोध लावायचा तोच विसरभोळा निघाला, ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का? रहस्य म्हणतात ते कुठे आहे यात?

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. आता कळतं, तुम्ही तेव्हा काहीतरी बोलावं की नाही याचा विचार करत होतात. मग म्हणालात, "पहिल्यात तो हुशार आहे गं. दुसऱ्यात शहाणा झालाय. परत एकदा बघ."

त्यानंतर गणपतीत, दिवाळीत, फोनवर, कोणाच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे भांडण चाललं. नवीन जावई घरी आला की त्याला विचारायचो, पहिला की दुसरा. मी मुद्दे काढायची, मास्तरीणच मी. तुम्ही मुद्दा कधी काढलाच नाहीत. परत बघ, एवढंच.

वन्सं, मला आता त्याच्याही आधीचं सांगायचंय. बत्तीस वर्षांत मी हे कोणालाही सांगितलेलं नाही.

मी तुमच्या घरात आले ती 'डी.एड. झालेली मुलगी' म्हणून. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या वडिलांनी तसंच सांगितलं होतं आणि त्यात खोटं नव्हतं, परीक्षा देऊन झाली होती, निकाल तेवढा यायचा होता. लग्नानंतर महिन्याने निकाल लागला. मी मानसशास्त्रात नापास झाले होते. आई शेजारणींना सांगत होत्या की सून आता शाळेत लागणार. मी घरात सांगितलं की कॉलेजचा निकाल राखून ठेवलाय, काहीतरी घोळ आहे. गुणपत्रिका घडी करून शिलाई मशीनच्या खणात तळाशी, जुन्या रिळांच्या खाली ठेवली. मशीनवर त्या घरात माझ्याशिवाय कोणी बसत नसे.

तुम्ही मात्र एका रविवारी आलात आणि बसलात. तुमच्या नर्सच्या पांढऱ्या साडीचा काठ उसवला होता. मी आत भाकऱ्या करत होते, मशीनचा आवाज ऐकला आणि माझे हात थांबले. बाहेर येऊन बघितलं तर तुम्ही शिवत होतात. मला म्हणालात, पांढरा दोरा सापडला बाई एकदाचा. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी देवाचे आभार मानले.

पुढच्याच आठवड्यात पोलादपूरहून निरोप आला. तुमचा पाय लचकला आहे, डॉक्टरांनी चालायला मनाई केली आहे, आरोग्य केंद्रात बसून काम दिलं आहे, घरचं बघायला शैलाला दोन-चार महिने पाठवा. आई नाराज झाल्या, पण लेकीचा पाय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

तुमच्या त्या दोन खोल्यांत मी चार महिने राहिले. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे चार महिने, हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही. सकाळी तुम्ही लंगडत जीपपर्यंत जायचात, संध्याकाळी लंगडत यायचात, उजव्या पायाला तुम्हीच बांधलेलं बँडेज. दिवसभर घरात मी एकटी. आणि कपाटावर काय, तर डी.एड.ची पुस्तकं. मला बघताच तुम्ही म्हणालात, आमच्या फार्मासिस्टच्या मुलीची आहेत, रद्दीत द्यायचीत, पडू दे तिथेच. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. तुम्ही गेलात की मी मानसशास्त्राचं पुस्तक काढायची. त्यात एकाही ओळीखाली रेघ नव्हती. त्या मुलीने पुस्तक उघडूनसुद्धा बघितलेलं नाही, असं वाटून मी तिला मनातल्या मनात नावं ठेवली होती. ते पुस्तक कोरं नवं आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी मी गरम पाण्याने तुमचा पाय शेकायची. तुम्ही म्हणायचात, पाय ठणकतो तेव्हा काहीतरी कानावर पडलं की बरं वाटतं, वाच काहीही. मी पोथी घेतली की तुम्हाला झोप यायची. मासिक घेतलं की डोकं दुखायचं. शेवटी त्या पुस्तकातलंच वाच म्हणालात. मी बालकाच्या विकासाच्या अवस्था मोठ्याने वाचायची आणि तुम्ही मध्येच विचारायचात, म्हणजे गं काय? मग मी समजावून सांगायची. तुम्हाला पटकन कळायचं नाही. दोन-दोन, तीन-तीन वेळा समजावून सांगावं लागायचं. एवढी हुशार बाई आणि साधी व्याख्या डोक्यात शिरत नाही, याचं मला नवल वाटायचं.

मध्ये आईंनी फर्मान काढलं, की सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवल्याशिवाय ही लचक जायची नाही. स्वतःच घेऊन गेल्या. पावसाने उघडीप दिली होती, कुंडाच्या काठावर आपण तिघी. तुम्ही सबंध वाट लंगडलात, बँडेज सोडलंत आणि डावा पाय पाण्यात घातलात. आई म्हणाल्या, अगं, उजवा ना? तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. उजव्यावर भार नको म्हणून चालून चालून आता डावाही गेला, म्हणालात, आणि दोन्ही पाय पाण्यात सोडून कळवळलात. आईंना रडू फुटलं. मलासुद्धा. घरी येताना आम्ही तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून आणलं.

ऑक्टोबरमध्ये मी म्हटलं, मला दोन दिवस माणगावला माहेरी जाऊन यायचंय. तुम्ही काही विचारलं नाहीत. पहाटे उठून डबा केलात आणि एसटीत बसताना माझ्या हातात एक नवं पेन ठेवलंत. वन्संनी दिलंय, कामाला येईल, असं मनात म्हणून मी ते पर्समध्ये टाकलं. वन्सं, माहेरी निघालेल्या बाईला कोणी पेन देतं का? त्याच पेनाने मी फेरपरीक्षेचा पेपर लिहिला आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी पास झाले, राखून ठेवलेला निकाल लागला असं घरी सांगितलं, आणि सगळ्यांना फसवून मी एकटीने पैलतीर गाठला, अशी माझी बत्तीस वर्षं समजूत होती. त्या फसवणुकीचं मला ओझंही होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही.

दवाखान्यात तुम्ही शेवटचे आठ दिवस होतात. चौथ्या की पाचव्या दिवशी, ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून तुम्ही मला विचारलंत, "तुझ्या फोनवर लागतो का गं तो दुसरा?"

मी म्हटलं, इथे नेट येत नाही, घरी गेल्यावर सगळे मिळून बघू. नेट येत होतं, वन्सं. मला फक्त तुम्हाला थकवायचं नव्हतं. तुम्ही मान हलवलीत. त्या दिवशी आपण बघितला असता तर तुमच्या बाजूला बसून मला ते मध्यंतरानंतरचं दृश्य दिसलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार.

तेराव्याला पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून कितीतरी माणसं आली. आम्ही कोणाला ओळखत नव्हतो, ते सगळे तुम्हाला ओळखत होते. एक ठकूबाई म्हणून होत्या, साठी उलटलेल्या. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या तिन्ही बाळंतपणांना तुम्ही होतात. मधल्याच्या वेळी भर श्रावणात वाटेवर दरड आली होती, तरी तुम्ही चढून वर गेलात, असं सांगत होत्या. मधला केवढा म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, औंदा बत्तीस भरतील. मी हिशेब केला आणि सहज म्हटलं, त्या वर्षी तर त्यांचा पाय लचकला होता, चार महिने चालता येत नव्हतं.

ठकूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"कुनाचा पाय? बाईंचा? नाय गो. त्या सालात आमी त्यांच्या मागं धावायचो. आमच्या बाप्यांना पन त्यांच्यासंगं चालाय जमत नवतं."

मी म्हटलं, बँडेज होतं. त्या जरा आठवल्यासारखं करून म्हणाल्या, की हां, एक पट्टी असायची खरी, पिशवीत. परत जाताना खाली रस्त्याला लागल्या की दगडावर बसून बांधायच्या. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, घरी एक पेशंट हाय.

मी तिथून उठले आणि भांडी मोजायचं निमित्त करून आत गेले. मशीनचा खण, कोरं पुस्तक, न कळणाऱ्या व्याख्या, डावा पाय, पेन. सगळं एका ओळीत लागत गेलं. पहिल्या सिनेमातल्या मांडवासारखंच, फक्त बोट माझ्याकडे दाखवलेलं होतं आणि दाखवणारं कोणी नव्हतं. त्यानंतर आठ दिवस मी तो सिनेमा लावायचा धीर गोळा करत होते.

आणि मग ते दृश्य. पोस्टमन म्हाताऱ्या प्रॉम्प्टरच्या घरी एक पत्र घेऊन येतो. म्हातारा ऐटीत पत्र उघडतो आणि मोठ्याने वाचायला लागतो, मुलगा खुशाल आहे, सुनेचा नमस्कार आहे. पत्र उलटं धरलेलं आहे. त्याला आता अक्षर दिसतच नाहीये. पोस्टमन बघतो, आणि त्याच वेळी त्याला खाटेखाली नाटकाच्या वहीचा कोपरा दिसतो. वाचता येत नाही हे गावाला कळू नये म्हणून म्हाताऱ्यानेच ती लपवली आहे. मागे संगीत नाही, कोणी दचकत नाही. पोस्टमन रजिस्टर पुढे करतो, इथे सही करा म्हणतो आणि म्हाताऱ्याचं बोट हलकेच उचलून सहीच्या जागेवर ठेवतो, जणू आपण नुसतं दाखवतोय. मग सायकलवर बसून निघून जातो.

हे मी बघितलंच नव्हतं, वन्सं. मी वड्यांच्या रांगेत होते. पंचवीस वर्षं मी एका न बघितलेल्या सिनेमावर तावातावाने बोलत होते.

पुढचा सगळा भाग मग वेगळाच दिसला. तो शेणखतात पडतो तेव्हा गावकरी म्हाताऱ्याच्या घराकडे वळलेले असतात. शिडीवर अडकतो तेव्हा कोणीतरी खाटेखाली बघायला वाकलेलं असतं. प्रत्येक बावळटपणा अचूक वेळेला केलेला. आणि वही त्याच्या पिशवीत आली तीही त्यानेच खाटेखालून गुपचूप काढून. हसू पहिल्याहून जास्त आलं. पहिला सिनेमा बांधणीत अजूनही उजवा आहे, हे मी सोडणार नाही. दुसऱ्यात दोन गाणी फुकट आहेत, आणि त्या मिशीवाल्या फौजदाराचं प्रकरण निम्मं कापलं असतं तरी चाललं असतं. पण पहिल्यातला माणूस सगळ्यांना आपली हुशारी दाखवतो. दुसऱ्यातला तीच हुशारी दुसऱ्याची लाज झाकायला खर्च करतो आणि बदल्यात स्वतःचं हसं करून घेतो. असा पुढचा भाग काढायला मोठं धाडस लागतं. लोकांना पहिल्यासारखंच हवं असतं, मलाही तेच हवं होतं. म्हणून तो चालला नाही, आणि म्हणून तो मोठा आहे.

तुम्ही मला ते दृश्य कधी सांगितलं का नाहीत, हे मी मनात खूप घोळवलं. दोन वाक्यांत मी गप्प झाले असते. मला वाटतं, ते सांगायचं तर तुम्हाला माझ्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं, आणि मग कदाचित मला सगळंच कळलं असतं. की तुम्हाला उलट हवंच होतं, की मी आपण होऊन बघावं, माझं मला कळावं आणि मग या विषयावर आपण दोघींनी एकदा मनसोक्त हसावं? हे आता विचारता येत नाही. माझ्या बाजूने मात्र सांगते. तुम्ही मला वाचवलंत हे एक झालंच. पण मला कोणीतरी वाचवलं याचा भारसुद्धा तुम्ही माझ्यावर ठेवला नाहीत. मी माझ्याच पायांवर उभी आहे असं मानून तीस वर्षं ताठ मानेने शिकवत राहिले. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. वर्गात नापास झालेल्या पोरांशी मी जरा कडकच वागले, वन्सं. ते तेवढं मला आता टोचतं.

काल तुमचं मासिक श्राद्ध झालं. जेवायला आम्ही तिघंच होतो, हे, स्नेहा आणि मी. तुमच्या आवडीची वालाची उसळ केली होती. वाढून झाल्यावर मी म्हटलं, मला एक सांगायचंय. मी डी.एड.ला पहिल्या खेपेला नापास झाले होते. ह्यांचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांनी त्यांनी विचारलं काय, तर कोणत्या विषयात. मानसशास्त्रात म्हटल्यावर स्नेहाला हसू आवरेना. मग मी सगळं सांगितलं, मशीनच्या खणापासून ठकूबाईंच्या दगडापर्यंत. सवचं कुंड आलं तेव्हा हेही हसायला लागले. आईंनी त्या दिवशी घरी येऊन किती नवस केले होते ते त्यांना आठवत होतं.

मग एकदम हसायचे थांबले.

"म्हणजे ताई चार महिने लंगडली? तुझ्यासाठी?"

मी हो म्हटलं.

तुम्ही गेल्यापासून हे रडले नव्हते. स्मशानातही नाही, तेराव्यालाही नाही. माणसांचं बघत होते, मंडपवाल्याशी बोलत होते. काल पानावरून उठले, बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून हात धूत उभे राहिले. खूप वेळ धूत राहिले. खांदे हलताना दिसत होते. स्नेहा उठायला लागली, तिला मी खुणेने बसवलं आणि मला काही दिसलंच नाही असं दाखवत ताटं उचलायला घेतली.